आरएक्स-१००च्या ब्लॉकचं पोर्टिंग घरच्या घरी

गॅरेजमध्ये ‘पोर्टिंग करून देतो’ असं सांगितलं जातं, तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच काम होतं : एक्झॉस्ट पोर्टची वरची कड ग्राइंडरने घासून वर नेली जाते. आवाज कडक होतो, रिकाम्या रस्त्यावर फेऱ्या चढल्या की गाडी जोरात सुटल्यासारखी वाटते आणि मालक खूश होतो. तीच गाडी दोघं बसून खंबाटकी घाट चढायला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये मान टाकते. धातू गेला तो गेलाच, शिवाय खालची ओढही गेली.

ज्यांना हे काम स्वतःच्या हाताने आणि समजून करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण यामाहा आरएक्स-१००चं घेतो. एस्कॉर्ट्सने ती १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवली आणि महाराष्ट्रात अजूनही ती जिवापाड सांभाळली जाते. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर, क्षमता ९८ सीसी, मिनिटाला ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. हवेवर थंड होणारं, रीड व्हॉल्व्हचं साधं टू-स्ट्रोक इंजिन. घरी शिकायला याहून चांगलं इंजिन नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या ब्लॉकवर पोर्टची उंची बदलू नका. कास्टिंगमध्ये राहिलेले कंगोरे काढणं, डावी-उजवी बाजू सारखी करणं, पॅकिंग आणि पोर्ट जुळवणं आणि शेवटी कडा नीट मोडणं, एवढं मन लावून केलं तरी इंजिन मोकळं, गुळगुळीत चालतं. उंचीचा विचार त्यानंतर.

कोणत्या ब्लॉकला हात लावायचा, हेही आधी ठरवा. एस्कॉर्ट्सच्या काळातला मूळ ब्लॉक आता सहज मिळत नाही. तो कापू नका. शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत बोअर होऊन भंगारात गेलेला ब्लॉक सरावाला घ्या. त्यावर हात बसला की बाजारातला नवा, कंपनीबाहेरचा ब्लॉक घेऊन खरं काम करा. कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनावर कलम १९०(२)खाली कारवाई होते. पोर्टची उंची वाढवून वर एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे शर्यतीसाठीचा सायलेन्सर, लावलेली गाडी ही बंदिस्त ट्रॅकची किंवा मातीच्या शर्यतीची गाडी आहे. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी वर सांगितलेली साफसफाई आणि जुळवणी पुरेशी आहे, आणि तेवढीच करावी.

आता इंजिनाच्या आत काय घडतं ते पाहू. हे कळल्याशिवाय ग्राइंडर हातात घेण्यात अर्थ नाही.

टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच दारं उघडतो आणि बंद करतो. स्फोटानंतर पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो आणि जळलेला वायू स्वतःच्या दाबाने बाहेर धावतो. त्यानंतर ट्रान्स्फर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलेलं ताजं मिश्रण वर येतं. या दोन घटनांमधलं अंतर म्हणजे ब्लोडाउन, आणि सगळी मेख त्यात आहे. अंतर कमी पडलं तर सिलिंडरमधला दाब उतरायच्या आत ट्रान्स्फर उघडतात, जळका वायू उलटा क्रँककेसमध्ये घुसतो आणि ताजं मिश्रण तापून विटाळतं. अंतर जास्त झालं तर स्फोटाचा जोर पिस्टनला पुरता ढकलण्याआधीच बाहेर निघून जातो.

ट्रान्स्फरमधून येणारं मिश्रण एक्झॉस्टकडे न जाता मागच्या भिंतीकडे जावं, तिथून वर चढावं आणि वळून खाली यावं, अशी या पोर्टांच्या वाटांची दिशा ठेवलेली असते. ही कल्पना जर्मन अभियंता अ‍ॅडॉल्फ श्न्युर्ले याची, १९२०च्या दशकातली. तिच्यामुळे मिश्रण वळवण्यासाठी पिस्टनच्या डोक्यावर ठेवावा लागणारा उंचवटा नाहीसा झाला. ट्रान्स्फरच्या वाटेचा शेवटचा भाग, म्हणजे बोअरमध्ये उघडतानाची दिशा, घासून बदलली की ही सारी मांडणी बिघडते. म्हणून ट्रान्स्फरच्या तोंडाशी कानस लावताना सर्वात जास्त सांभाळायचं. तिथे कंगोरा काढा, कोन बदलू नका.

सिलिंडर हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा सायलेन्सरमध्ये असतो. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ इथल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे प्रत्यक्ष करून दाखवलं. एक्झॉस्टमधून निघालेली दाबाची लाट सायलेन्सरच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या क्षणी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, आणि १९६२मध्ये सुझुकीवर बसून ५० सीसीचं विश्वविजेतेपद जिंकला. ही जागतिक शर्यतींची कथा इथे सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. लाट परत येण्याची वेळ सायलेन्सरच्या लांबीवर ठरते. पोर्ट उंच केला आणि सायलेन्सर मूळचाच ठेवला, तर लाट आणि पोर्ट यांचा मेळ तुटतो : खालची ओढ कमी होते आणि वर मिळायला हवं तेही मिळत नाही. घाटात मान टाकणाऱ्या गाड्यांचं मुख्य कारण हेच आहे.

आकड्यांत सांगतो. ५० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात, क्रँक वरच्या टोकापासून सुमारे ९० अंश फिरलेला असताना, पिस्टन एका अंशात साधारण ०.४४ मिलिमीटर सरकतो. एक्झॉस्ट याच सुमारास उघडतो. म्हणजे त्याची वरची कड १ मिलिमीटर वर नेली की पोर्ट उघडताना सव्वादोन अंश आधी उघडतो, बंद होताना तेवढाच उशिरा बंद होतो, आणि एकूण उघडा काळ सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. ट्रान्स्फर १२० अंशांच्या आसपास उघडतात. तिथे पिस्टन मंदावलेला असतो, त्यामुळे तोच १ मिलिमीटर एकूण काळात सुमारे ६ अंशांचा फरक पाडतो. ट्रान्स्फरची चूक एक्झॉस्टपेक्षा महाग पडते ती अशी. आणि ५० मिलिमीटर बोअरमध्ये १ मिलिमीटर उंची म्हणजे जवळपास २ सीसी. पिस्टन वर जाताना एक्झॉस्ट बंद झाल्यावरच खरं दाबणं सुरू होतं, तेव्हा एवढं मिश्रण दाबायला कमी मिळतं. रोजच्या वापराच्या गाडीत एक्झॉस्ट साधारण १७० ते १८० अंश उघडा असतो. १९०च्या पुढे गेलेलं इंजिन शहरात चालवणं कष्टाचं होतं.

आता मोजणी. हेड काढा, पण ब्लॉक मोकळा ठेवू नका. स्टडवर वॉशर आणि नट लावून तो खाली आवळा, म्हणजे पॅकिंग नेहमीइतकं दबलेलं राहील. मॅग्नेटच्या नटावर ३६० अंशांची गोल चकती बसवा आणि तारेचा काटा करून इंजिनावर घट्ट बांधा. पिस्टनचं वरचं टोक डोळ्यांनी ठरवू नका. तिथे क्रँक कितीतरी अंश फिरतो तरी पिस्टन हलल्यासारखा दिसत नाही. स्टडवर लोखंडी पट्टी आवळा आणि तिच्या मधल्या बोल्टने पिस्टन टोकाच्या थोडा आधी अडवा. क्रँक एका दिशेने अडेपर्यंत हळूच फिरवून आकडा लिहा, मग उलट दिशेने फिरवून दुसरा लिहा. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे वरचं टोक. चकतीचं शून्य तिथे आणून पट्टी काढा. मग प्रत्येक पोर्टच्या मागून टॉर्चचा उजेड टाका आणि पिस्टनच्या कडेवर पहिली किरणरेषा दिसली की अंश लिहा.

डावा आणि उजवा ट्रान्स्फर वेगवेगळा मोजा. दोन्ही एकाच वेळी उघडायला हवेत, पण कंपनीबाहेरच्या ब्लॉकमध्ये अनेकदा उघडत नाहीत. एक बाजू आधी उघडली की प्रवाह तिरका होतो आणि मिश्रण एक्झॉस्टमधून सुटतं. उशिरा उघडणारी बाजू अगदी अलगद घासून लवकर उघडणाऱ्या बाजूच्या बरोबरीला आणणं हे घरच्या पोर्टिंगमधलं सर्वात मोलाचं काम आहे, असं मी ठामपणे म्हणेन. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो आणि तो सुई कानसेनेच काढायचा.

ब्लॉक उतरवला की बोअरचा नकाशा घ्या. पातळ कागद आतल्या भिंतीला चिकटवून बसवा आणि तेलकट बोटाने किंवा पेन्सिलने घासा; पोर्टांच्या कडा उमटतात. कागदावर तारीख टाका, ब्लॉकच्या वरच्या कडेपासूनची अंतरं लिहा आणि जपून ठेवा. रुंदी वाचताना मात्र सावध राहा. कागद उलगडल्यावर दिसते ती वक्र रुंदी. रिंगला ओलांडावी लागते ती सरळ रुंदी, आणि ती नेहमी कमी असते. एक्झॉस्टची सरळ रुंदी बोअरच्या ६० टक्क्यांवर नेऊ नका. ५० मिलिमीटर बोअरमध्ये ही मर्यादा ३० मिलिमीटर होते, आणि कागदावर तीच सुमारे ३२.२ मिलिमीटर दिसते. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगून कडेवर आपटायला लागते.

रुंदी ठरवण्याआधी पिस्टन हातात घ्या. रिंगची तोंडं जागेवर धरणाऱ्या बारीक पिना कुठे आहेत ते कागदावर उतरवा. रिंगचं तोंड कोणत्याही पोर्टवरून जाता कामा नये. गेलं तर ते पोर्टमध्ये अडकून मोडतं आणि पिस्टन, बोअर, हेड तिन्ही घेऊन जातं. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याचा खालचा भाग एक्झॉस्ट पोर्ट सर्व बाजूंनी झाकतो का, तेही पाहा. पोर्ट खाली किंवा बाजूला जास्त वाढवला तर क्रँककेस थेट सायलेन्सरमध्ये उघडतो. तुमच्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये मधोमध खांब असेल तर त्याला हात लावू नका. ते अनुभवी माणसाचं काम आहे. पांढरट चकचकीत लेप दिलेल्या बोअरलाही घरी कटर लावू नये, कारण लेपाचे पापुद्रे सुटतात.

हत्यारं थोडीच लागतात : ड्रिलला जोडायचा लवचिक शाफ्ट, कार्बाइडचे गोल आणि ज्योतीच्या आकाराचे कटर, सुई कानसा, लाकडी दांडीवर गुंडाळलेला ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, मार्कर आणि टोकदार आखणी. नवी रेघ आखणीने कोरा, नुसती मार्करने ओढू नका. मार्कर तेलाने पुसला जातो. काम चालू नसलेला बोअरचा भाग पत्र्याच्या पातळ नळीने झाका, कारण घसरलेला कटर अर्ध्या सेकंदात बोअरवर खोल ओरखडा काढतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावाच, आणि बिडाची बारीक भुकटी उडते तिथे लहान मुलांना येऊ देऊ नका. रेघेच्या अर्धा मिलिमीटर आधीच कटर थांबवा, उरलेलं कानसेने.

एक्झॉस्टची वाट आतून गुळगुळीत केली तर कार्बन कमी चिकटतो, एवढाच तिचा फायदा. ट्रान्स्फरच्या वाटा आरशासारख्या चमकवण्यात वेळ घालवू नका. वेळ द्यायचा तो पॅकिंगवर. ब्लॉकखालचं पॅकिंग ब्लॉकवर ठेवून पाहा. ते ट्रान्स्फरच्या तोंडात डोकावत असेल तर धारदार ब्लेडने कापा. क्रँककेसची बाजू घासायची असेल तर इंजिन पूर्ण उघडून, क्रँक बाहेर काढूनच. चिंधी कोंबून वरून ग्राइंडर चालवणारे बरेच आहेत. अ‍ॅल्युमिनियमचा कीस बेअरिंगमध्ये जातो आणि काही दिवसांत क्रँक आवाज करू लागतो. एक्झॉस्टच्या तोंडाशीही लक्ष द्या : पोर्टचं भोक सायलेन्सरच्या नळीपेक्षा मोठं होऊ देऊ नका. उलट असेल तर चालेल.

पोर्टची उंची बदलायची इच्छा अनावर झालीच, तर धातू कापण्याआधी एक उलटता येण्यासारखा प्रयोग करा. ब्लॉकखाली अर्ध्या मिलिमीटरचं जादा पॅकिंग घाला. सगळे पोर्ट एकदम अर्धा मिलिमीटर वर जातात. पिस्टन आणि हेड यांच्यातलं अंतरही तेवढंच वाढून दाब थोडा घटतो, हे लक्षात ठेवून चालवून पाहा. घाटात चालवा, शहरात चालवा. आवडलं नाही तर पॅकिंग काढलं की इंजिन पूर्ववत. पिस्टन आणि हेड यांच्यातलं हे अंतर मोजायला प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून क्रँक हळूच फिरवा आणि दबलेला भाग व्हर्नियरने मोजा. मला हा प्रयोग इतका महत्त्वाचा वाटतो, की तो केल्याशिवाय कोणी एक्झॉस्टची वरची कड घासू नये.

कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि चुका तिथेच होतात. आधी पोर्टिंग, मग बोअरिंग, मग कडा मोडणं, मग होनिंग, मग धुणं. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात. पोर्टिंगनंतर पुढच्या ओव्हरसाइजला बोअर केलं की कटरचे बारीक ओरखडे आपोआप निघून जातात. पण बोअरिंगच्या टूलने प्रत्येक पोर्टची कड पुन्हा ब्लेडसारखी धारदार होते. लेथवाल्याकडून ब्लॉक आणला आणि तसाच बसवला, तर पहिल्याच दिवशी रिंग घासली जाते. कड मोडून द्या, असं त्यांना स्पष्ट सांगा किंवा स्वतः करा. बारीक दगडाने प्रत्येक पोर्टभोवती सुमारे अर्धा मिलिमीटरची तिरकी पट्टी काढा, एक्झॉस्टच्या वरच्या आणि खालच्या कडेला थोडी जास्त. मग पॉलिश पेपरने ती गोलसर करा. बोटाच्या पेराने कड चाचपून पाहा. कापडाचा धागा तिच्यावरून ओढला तर तो कुठेही अडकता कामा नये.

होनिंग झालेला ब्लॉक पेट्रोलने धुऊन भागत नाही. पेट्रोल तेल काढतं, दगडाची भुकटी काढत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश घेऊन घासा, ट्रान्स्फरच्या वाटा आतून घासा, आणि पांढरं कापड बोअरमध्ये फिरवून करडा डाग येईनासा होईपर्यंत थांबू नका. कोरडा झाल्याबरोबर टू-टी तेलाचा हात फिरवा, नाहीतर बिडाच्या लायनरवर काही मिनिटांत गंज धरतो. पिस्टन आणि बोअरमधली फट कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ‘घट्ट ठेवतो, नंतर मोकळं होईल’ हे ऐकू नका.

इंजिन आता जास्त हवा ओढेल, म्हणून पेट्रोलही वाढवावं लागतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठा लावून सुरुवात करा आणि तिथून हळूहळू खाली या. उलट दिशेने कधीच नाही. पेट्रोल कमी पडलं की इंजिन जास्त तापतं, आणि त्याचा शेवट पिस्टन चिकटण्यात होतो. ऑइल पंपाची तार नीट जुळवली आहे याची खात्री करा आणि सुरुवातीच्या काळात टाकीतही थोडं टू-टी मिसळा. मोकळ्या, सुरक्षित जागी पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर नेऊन क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढून पाहा. तपकिरी रंग ठीक. पांढरा किंवा राखाडी दिसला तर गाडी तशी पुढे नेऊ नका, जेट वाढवा.

पहिले ५०० किलोमीटर वेग बदलत, गिअर न ओढता चालवा. त्यानंतर ब्लॉक पुन्हा उतरवा. पॅकिंगचा खर्च थोडाच आहे. एक्झॉस्टच्या बाजूची रिंग भिंगाखाली पाहा. तिच्यावर एकसारखी करडी चमक असेल तर कडा बरोबर मोडल्या गेल्या आहेत. पोर्टच्या रुंदीएवढ्या भागातच चकचकीत पट्टे किंवा बारीक टवके दिसले, तर ती रिंग फेकून द्या, पोर्टची कड पुन्हा गोल करा आणि नवी रिंग घाला. ती दुरुस्ती होईपर्यंत उंची वाढवण्याचा विषय काढू नका.